पायडलवरचा हंगाम

परवा कारखान्याचा भोंगा झाला आणि कणीक मळता मळता माझे हात थांबले. उन्हाळाभर, पावसाळाभर गप्प बसलेला हा भोंगा दिवाळीच्या आगेमागे एकदम ओरडतो. अंकुशनगरात एवढा संसार झाला, तरी मी दरवर्षी दचकते. मग दोन-चार दिवसांत मळीचा आंबूस-गोड वास घरात शिरतो, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर राखेचे काळे कण बसतात, आणि रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग लागते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज पहाटेपासून. बाकीचं वर्ष मी कसंही ढकलते. हंगाम लागला की मात्र घर फार मोठं वाटायला लागतं.

एकटीचा स्वयंपाक तो काय? कुकर माळ्यावर टाकला. वाटीभर वरण, दोन पोळ्या, त्यातलीही एक संध्याकाळी गार खायची. जेवताना बोलायला कुणी नसलं की जेवण लवकर उरकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवून उठते तर दुपार अजून सगळी शिल्लक असते.

पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे. त्याच्यावर कॉम्प्युटर, उजव्या बाजूला एक काळा दांडा, डाव्या बाजूला जुन्या जीपचा हँडब्रेक, आणि टेबलाखाली लोखंडी पट्ट्यांची दोन पायडलं. त्या सगळ्यावर मी चादर टाकून ठेवलीय. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बाया चादरीखाली वाकून बघतात आणि विचारतात, "काकू, हे शिलाई मशीनचं नवीन मॉडेल का?" मी हो म्हणते. खरं सांगायचं तर ते हेलिकॉप्टर आहे, आणि त्यातले पाय माझे आहेत. पण एवढं कोणाला समजावत बसायचं, बाई!

माझे यजमान कारखान्यात होते. बॉयलरचे, वाफेचे, तापमानाचे जे काटे असतात ते नीट चालतात का बघायचं आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. कॉलनीत त्यांना सगळे मीटरवाले म्हणायचे. माणूस अबोल. म्हणजे कारखान्यात बोलत असतील, घरात नाही. 'भाजीत मीठ कमी पडलं' हे वाक्य ह्यांच्या तोंडून कधी आलं नाही. मीठ उचलून घ्यायचे आणि जेवायचे. सुरुवातीला मला वाटायचं, रागावले असतील. नंतर वाटणं सोडून दिलं. मी माझी शिलाई करत बसायची, हे रेडिओ उघडून त्याची आतडी बघत बसायचे. आमचं भांडणसुद्धा कधी रंगलं नाही, कारण भांडायलाही दोघं बोलणारी लागतात.

एक मात्र होतं. हंगामाच्या सुरुवातीला उसाची पहिली मोळी टाकायची पूजा असते. त्याला कुणी ना कुणी पुढारी हेलिकॉप्टरनं यायचे. शाळेमागच्या मैदानात चुन्याच्या फक्कीनं मोठा एच काढायचा, भोवती गोल मारायचा, बांबूला वारा दाखवणारी कापडी पिशवी बांधायची, हे सगळं ह्यांच्याकडं. दोरी लावून एच काढायचे, अगदी सुतात. ती पिशवी मीच शिवलेली. पुढारी उतरले की सगळी मंडळी हार घेऊन त्यांच्यामागं धावायची. हे तिथंच उभे. पंखा पूर्ण थांबेपर्यंत बघत राहायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांमध्ये माती, शर्टाच्या खिशात माती, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की मला वाटायचं, हा माणूस माझ्याकडं बघून असा कधी हसला होता का?

मग ते वर्ष आलं. निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. शुगर होती, पायाच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली, आणि गणपती उठायच्या आत डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जखम पूर्ण भरल्याशिवाय कृत्रिम पाय बसवत नाहीत म्हणाले. घरी आणलं, खाटेवर निजवलं. सुरुवातीला भेटायला माणसं आली, चहा झाले, 'काळजी करू नका' झालं. मग माणसं कमी झाली. हे भिंतीकडं तोंड करून पडून. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. अबोला मला सवयीचा होता, पण हा वेगळा होता. आधी हे गप्प असायचे तरी घरात असायचे. आता घरात नव्हतेच. मी पोरगी असल्यासारखी घाबरले होते. हा माणूस परत माणसांत येतो का असाच भिंतीत जातो, हेच माझ्या डोक्यात रात्रंदिवस.

मोळीच्या दिवशी हेलिकॉप्टर आमच्या घरावरून गेलं. फळीवरची भांडी थरथरली. मी दारात जाऊन बघून आले. "खुर्ची टाकू का अंगणात?" म्हणून विचारलं. आवाज गेला, धूळ बसली, आणि बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला, "एच कुणी काढला असंल?"

"मला काय ठाऊक?"

"वाकडाच काढला असंल."

एवढंच. पण कित्येक दिवसांनी आलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडाला लावून रडले, आनंदानं.

आमचा मुलगा नीलेश पुण्यात नोकरीला. त्याला ह्यांनी स्वतः फोन केला, आपणहून. नीलेश दोन दिवसांची सुट्टी काढून आला, त्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन. त्यात हेलिकॉप्टर चालवायचा खेळ टाकला. खेळ म्हटलं की हे चिडायचे. "खेळ न्हाई, शिकायचं साधन हाये." बरं बाबा, साधन! तो काळा दांडा पार्सलनं आला. लिव्हर आणि पायडल मात्र घरीच करायचं असं ह्यांनी ठरवलं, आणि रफीकभाईंना बोलावणं धाडलं.

रफीकभाईंचं वेल्डिंगचं दुकान फाट्यावर आहे. उसाच्या गाड्यांची मोडतोड जोडून द्यायचं काम, त्यामुळं हंगामात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. तरी आले. खाटेच्या कडेला बसून कागदावरचं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"साब, ये तो सिलाई मशीन का पायडल है. भाभी के पास है ना घर में."

"न्हाई, न्हाई. एक पुढं गेला की दुसरा मागं आला पाह्यजे. तराजूचं कसं, तसं."

"अच्छा, मतलब सोया हुआ तराजू."

"बिलकुल!" हे म्हणाले, आणि हसले. मी दारात उभी राहून दोघांकडं बघत होते. रफीकभाई जाताना मला हळूच म्हणाले, "भाभी, जो भी बनाना है बनाने दो. साब उठके बैठे है." त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

पट्ट्या आल्या, लिव्हरसाठी जीपचा हँडब्रेक आला. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला जसं फिरतं बटण असतं, तसली बटणं ह्यांच्या खणात कायम असायची. ती ह्यांनी पायडलाच्या आसाला आणि लिव्हरच्या मुळाशी बसवली. लिव्हर हलली की बटण फिरणार, बटण फिरलं की कॉम्प्युटरला कळणार. खाटेवर बसून कथील वितळवून तारा डाखवत होते. डाखाच्या धुराचा तो वास! मळीच्या वासात मिसळून खोलीभर पसरायचा, आणि मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू. हात पूर्वीसारखे चालायला लागले होते. मधूनच "पक्कड दे" म्हणायचे. मी हातातलं टाकून पक्कड द्यायला धावायची.

सगळं जोडून झाल्यावर कॉम्प्युटर विचारतो, प्रत्येक गोष्ट पूर्ण इकडं ने, पूर्ण तिकडं ने, म्हणजे मला अंदाज येईल. दांडा झाला. लिव्हर झाली. मग ह्यांनी उजवा पाय उजव्या पायडलावर ठेवला आणि दाबला. डावं पायडल रिकामंच मागं आलं. हे त्याच्याकडं बघत राहिले. मी जीव मुठीत धरून उभी, आता हे परत भिंतीकडं तोंड करतात का काय! तर म्हणाले, "ऐकलं का. पायाचं काम तुला करावं लागंल."

"मला? अहो, मी साधी स्कूटी न्हाई चालवली कधी."

"मशीन चालवती ना? मंग झालं तर. पायांना सवय हाये तुझ्या."

पायडलं माझ्यापुढं सरकवली. टेबल ते केवढंसं! दोन खुर्च्या लावल्या तर खांद्याला खांदा लागायचा. मी चपला काढून बसले, देवळात बसल्यासारखी.

आणि पहिल्याच दिवशी फजिती. पायमशीनला दोन्ही पाय बरोबरच हलतात, टाच-चवडा, टाच-चवडा. आयुष्यभराची सवय, ती कुठं जाते? हे म्हणाले "दाब", की मी दोन्ही पायांनी सुरू!

"अगं, दोन्ही पाय काय हलवून राह्यलीस? हेलिकॉप्टर शिवून राह्यली का?"

"तुम्हीच म्हणलात दाब म्हणून!"

"डावा! नुसता डावा!"

डावा दाबला तर ते यंत्र उलटंच पळालं आणि भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. पडद्यावर आकाश, जमीन, आकाश, जमीन. मला खरंच मळमळलं. मग ह्यांच्या ध्यानात आलं की बटणाची दिशाच उलटी पडलीय. ती सरळ केली. माझा पाय नुसता टेकला तरी नाक हलत होतं, म्हणून मधली थोडी जागा बहिरी करून ठेवली, म्हणजे तेवढ्यात पाय हलला तरी हेलिकॉप्टरनं ऐकायचं नाही. मला ते फार आवडलं. संसारातही अशी थोडी बहिरी जागा असावी लागते, सगळंच ऐकून घेतलं तर कसं व्हायचं?

हळूहळू कळायला लागलं. लिव्हर वर घेतली की हेलिकॉप्टर वर उठतं, पण त्याच वेळी त्याचं नाक उजवीकडं पळतं. ते धरून ठेवायला डावा पाय जरासा आत. लिव्हर खाली, की डावा पाय सैल. ह्यांचा हात आणि माझा पाय एका वेळी हलायला हवा. आधी हे तोंडानं सांगायचे, 'घेतली', 'सोडली'. पुढं सांगावं लागेनासं झालं. लिव्हर उचलायच्या आधी हे जरासा श्वास घ्यायचे, तेवढ्यावर माझा पाय आत जायचा. इतक्या वर्षांत ह्यांच्या श्वासाकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

सगळ्यात अवघड काय, तर अधांतरी एका जागी थांबणं. मला वाटलं होतं थांबणं म्हणजे काहीच न करणं. तसं नसतं. पुढं जायला फार काही लागत नाही, थांबायला मात्र दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे हलते ठेवावे लागतात. लोक मला आता विचारतात, काकू, मुलगा पुण्याला, तुम्ही इथं एकट्या नुसत्या का राहिलात? नुसत्या! सकाळपासून ह्या घराला एका जागी धरून ठेवायला मला काय काय करावं लागतं, ते त्यांना कसं सांगू.

त्या हिवाळ्यात माझी शिलाई पार मागं पडली. बाया दारात येऊन ओरडायच्या, "काकू, ब्लाऊज झालं का?" शेजारीण परस्पर सांगायची, "काकू विमानात हायेत, उतरल्या की सांगते." मला पायलट काकू नाव पडलं. मी वरवर चिडायची. आतून मला ते नाव इतकं आवडलं होतं!

कारण दुपारची जेवणं झाली, खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेला आलं, की आम्ही दोघं खुर्च्यांवर. आणि हे बोलायचे. समोर पडदा असला, हात कामात असले, माझ्याकडं बघावं लागत नसलं, की ह्यांना बोलता यायचं. मला हे कधी कळलंच नव्हतं. वाटूरला ह्यांची आत्या होती. लहानपणी तिच्याकडं राहायला पाठवलं की फाट्यावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीत आई दिसते का बघायचे, हे मला त्या खुर्चीवर कळलं. कारखान्यात एकदा वाफेची नळी फुटली तेव्हा थोडक्यात वाचले होते, आणि मी घाबरू नये म्हणून घरी सांगितलं नव्हतं, हेही तिथंच. "मंग आता कशाला सांगून राह्यलात?" मी विचारलं. "आता तू उडत्या हेलिकॉप्टरात बसलीस. कुठं पळून जाशील?" म्हणाले. मी हसता हसता पायडल सोडलं आणि आम्ही आडवे झालो. पडद्यावर, म्हणजे.

एका दुपारी ठरवलं, चिकलठाण्याच्या विमानतळावरून निघून आपल्या गावात उतरायचं. रेल्वेचे रूळ धरून बदनापूर. तिथं कॉम्प्युटरनं चार डबे मांडावेत तशी घरं मांडली होती, पण शेतं हिरवीगार. जालना गेलं, मग अंबडकडं वळलो. आणि अंकुशनगर आलं तर तिथं काहीच नाही! कारखाना नाही, धुराडं नाही, कॉलनी नाही. सपाट रान. ह्यांनी सगळी उमर जिथं घातली तिथं त्या कॉम्प्युटरला रान दिसत होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे शांत.

"उतरायचं ना?" मी विचारलं.

"तर! एवढ्या लांब आलो कशाला मंग?"

हे लिव्हर दोऱ्या-दोऱ्यानं खाली सोडत होते, मी डावा पाय तसाच सोडत होते. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. रान जवळ आलं, गवत आलं, आणि टेकलं. धक्का नाही, काही नाही. ह्यांनी दांडा सोडला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दिवसाढवळ्या, दार उघडं असताना! पंखा थांबेपर्यंत तो हात तिथंच होता. ह्यांच्याकडं बघितलं, तर तेच हसू, आणि ते पडद्याकडं बघून नव्हतं.

हंगाम संपता संपता कृत्रिम पाय बसला. फाटकापर्यंत चालत गेले, रफीकभाईंच्या दुकानापर्यंत गेले. मी म्हटलं, "आता तुमचा पाय आला, माझी सुट्टी." तर म्हणाले, "ह्या पायाला काही कळत न्हाई. तूच बस." मी बसले. उन्हाळाभर बसले. आणि श्रावणात, सकाळी चहाचा कप हातात असताना, हे गेले. हृदय, म्हणाले डॉक्टर. कप मी घेतला हातातून, चहा अजून गरम होता.

त्यानंतर टेबलावर चादर पडली ती पडलीच. परवा भोंगा झाला, आज मळीचा वास आला, दुपार झाली, आणि मला राहवलं नाही. चादर काढली. चपला काढून बसले. बाजूची खुर्ची रिकामी, म्हणून ती भिंतीशी सारली, मग वाईट वाटलं, परत ओढून जवळ घेतली. आता दांडाही माझा, लिव्हरही माझी. लिव्हर उचलली, तर पाय जागच्या जागी! माझाच हात, माझाच पाय, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. माझा पाय ह्यांच्या श्वासाची वाट बघत राहिला. हेलिकॉप्टर गरागरा फिरलं आणि कोसळलं. परत उडवलं, परत कोसळलं. दुपारभर मी तेच केलं, शेवटी रडायला आलं म्हणून नीलेशला फोन लावला.

"अरे, मला जमून न्हाई राह्यलं. पाय मेळ धरत न्हाई."

"आई, मग पाय कशाला वापरतेस? सेटिंगमध्ये आपोआपची चौकट आहे. तिथं खूण केली की पायडलचं सगळं काम कॉम्प्युटर करतो. पायांची गरजच नाही."

मी मग विचारलं, "हे ह्यांना ठाऊक नव्हतं का रे?"

"नव्हतं कसं? पप्पांना पाय नाही म्हणून पहिल्याच दिवशी मी ती खूण करूनच दिली होती. पप्पांनी काढायला लावली. मी म्हटलं, अहो मग पायडल कोण मारणार? तर म्हणाले, राहू दे, तेवढंच तुझी आई जवळ बसंल."

फोन ठेवला. राग आला मला, खूप राग. अहो, रफीकभाईंना भर हंगामात बोलावलंत, पट्ट्या कापल्यात, तारा डाखवल्यात, मला पायलट करून सोडलंत. एवढ्या उचापती केल्यात. नुसतं 'बस गं इथं' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?